घाटातले निदान

इंदूरच्या मराठी माणसास महेश्वराचे वर्णन ऐकविणे म्हणजे पुणेकरास पर्वती दाखविण्यासारखे आहे. अहिल्याबाईंचा वाडा, घाटाच्या पायऱ्या, नदीच्या मध्यावरचे बाणेश्वराचे देऊळ, किल्ल्याच्या आडोशाला चालणारे माग हे सारे आपल्या घरांतून लहानपणीच पाठ झालेले असते. पण या दोन गावांमधला रस्ता मात्र आपण डोळे मिटून, हल्ली तर काचाही मिटून, ओलांडतो. वास्तविक हा होळकरांच्या दोन राजधान्यांना जोडणारा रस्ता. अहिल्याबाईंनी महेश्वरी राहून १७६७ ते १७९५ पर्यंत राज्य केले, आणि १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदुरास आली. सडक चारपदरी झाल्यापासून हे नव्वदेक किलोमीटरचे अंतर दोन तासांचेही उरलेले नाही. त्यातील एका चढणीशी आमचा जो परिचय झाला, तो केवळ एका जुन्या मोटारीमुळे.

ही मोटार म्हणजे १९८६ सालची प्रीमिअर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या या गाडीसाठी त्या काळी नंबर लावून वाट पाहावी लागे. आमच्या आतोबांनीही ती पाहिली आणि पुढे बावीस वर्षे गाडी स्वतः हाकली. ते गेल्यानंतर ती आम्हा दोघा भावांच्या स्वाधीन झाली. पंधरा वर्षे उलटलेल्या खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. ते सोपस्कार आम्ही मुकाट्याने करीत आलो. कारण आत्याबाई. २०२४ साली त्यांनी चौऱ्याऐंशी पूर्ण केली. नव्या गाडीत शिरताना वाकावे लागते आणि निघताना त्याहून अधिक वाकावे लागते, असा त्यांच्या गुडघ्यांचा अनुभव. पद्मिनीच्या पुढच्या सलग बैठकीवर मात्र त्या पाटावर बसावे तशा बसतात. दर वर्षी ज्येष्ठ शुद्ध दशमीला, म्हणजे गंगादशहऱ्याला, महेश्वरी नर्मदेची ओटी भरावयाची हा त्यांचा नेम. आणि तो याच गाडीतून.

या नेमालाच विघ्न आले होते. सलग दोन वर्षे परतीच्या वाटेवर, निमाडातून माळव्यात चढताना, गाडी बंद पडली. प्रथम इंजिन खोकल्यासारखे करी, मग जोर जाई, मग सारे शांत. वीस-पंचवीस मिनिटे थांबावे, की जणू काही घडलेच नाही अशा थाटात ती सुरू होई. २०२३ साली आत्याबाईंना अशीच पाऊण तास भर उन्हात रस्त्याच्या कडेला बसण्याची पाळी आली. शेजारून मालमोटारी घोंघावत होत्या आणि सावली म्हणावी तर एका पळसाची. महूपर्यंत येता येता त्यांना घेरी आली आणि ती रात्र इस्पितळात काढावी लागली. त्यांच्या चिरंजीवांनी बंगळुराहून निक्षून सांगितले, की गाडी विका. आत्याबाईंनी त्यावर एवढेच म्हटले, “विका. पण आधी तिला काय होतंय ते तरी पाहा. माणसाला तपासल्याशिवाय टाकून देतात का?”

तपासणी झाली नव्हती असे नव्हे. एका गॅरेजने कॉइल बदलली, दुसऱ्याने कंडेन्सर आणि पॉइंट, तिसऱ्याने कार्बोरेटर उकलून, धुऊन पुन्हा बसविला. चौथ्याने एसी पंपच दोषी ठरवून नवा घालण्याचे अंदाजपत्रक दिले. वाचकांपैकी ज्यांचा जुन्या गाड्यांशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी सांगावयास हवे, की या ‘एसी’चा गारव्याशी काही संबंध नाही. टाकीतील पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचविणारा, इंजिनाच्या कुशीला बसविलेला जो छोटा पंप, त्याला आपल्याकडचे मिस्त्री या नावाने ओळखतात. हे एका परदेशी कंपनीचे नाव आता जातिवाचक झाले आहे. प्रत्येक दुरुस्तीनंतर आम्ही गाडी रिंग रोडवर पन्नास-पन्नास किलोमीटर फिरवीत असू. ती सुतासारखी सरळ चाले. दुखणे आहे हे आम्हास ठाऊक, पण वैद्यासमोर नाडी नेहमी साफ, अशी ही रोगीण होती.

अखेरीस आम्ही एका वृद्ध मिस्त्रींना गाठले. वय सत्तरीच्या पुढचे, गॅरेज केव्हाच बंद केलेले, पण आतोबांच्या वेळेपासून या गाडीला ओळखणारे. त्यांनी बॉनेट उघडलेसुद्धा नाही. खाटेवर बसल्या बसल्या चार प्रश्न विचारले. बंद पडते ती जाताना की येताना? सकाळी की दुपारी? चढावर की सपाटीवर? आणि टाकीत पेट्रोल किती असते? या चौथ्या प्रश्नाचे आम्हास नवल वाटले, कारण तो आजवर कोणी विचारला नव्हता. उत्तरे ऐकून ते म्हणाले, “भाईसाब, यहाँ तो ये कुछ बोलेगी नहीं. जहाँ रूठती है, अपन वहीं चलते हैं.”

याप्रमाणे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन वैशाखात, आम्ही दोघे भाऊ आणि उस्ताद असे तिघे गाडी मुद्दाम बंद पाडण्याच्या प्रवासाला निघालो. दशहरा तीन आठवड्यांवर आला होता. निघताना टाकी पुरी भरू देण्यास उस्तादांनी मनाई केली. महेश्वराहून परत फिरताना ती अर्ध्याच्या खाली असली पाहिजे, असा त्यांचा हिशेब. आदल्या दिवशी त्यांनी पेट्रोलच्या वाटेवर दोन ठिकाणी, एक पंपाच्या अलीकडे आणि एक पलीकडे, पारदर्शक नळीचे वीतभर तुकडे बसविले होते. शरीराला खिडकी पाडावी तसा तो प्रकार होता.

राऊ आणि महू मागे पडले की उजव्या अंगाला जानापावचा डोंगर दिसू लागतो. चंबळेचा उगम येथला. या डोंगराच्या उत्तरेस पडलेला पाऊस चंबळेतून यमुनेला, गंगेला मिळून पूर्वसमुद्राला जातो. दक्षिणेस पडलेला नर्मदेत उतरून पश्चिमसमुद्राला. वैशाखात मात्र दोन्हीकडे सारखीच धूळ. गव्हाची कापणी होऊन गेलेली काळी शेते भेगाळलेली, आणि बांधांवर कडुनिंब तेवढे हिरवे. मानपूर ओलांडले की विंध्याची कड येते आणि रस्ता पायऱ्या उतरावा तसा दोन टप्प्यांत खाली जातो. पहिला मानपूरचा घाट, आणि गुजरीच्या पुढे दुसरा, गणपती घाट. हा दुसरा घाट ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींमुळे कुप्रसिद्ध आहे. त्याला टाळणारा पर्यायी रस्ता २०२४ च्या अखेरीस खुला झाला. आम्ही गेलो तेव्हा जुन्याच उताराने जावयाचे होते. उस्ताद पुढे बसून उतारभर इंजिनाचा आवाज ऐकत होते. त्यांनी खिडकीबाहेर एकदाही पाहिले असेल असे वाटत नाही.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर. महेश्वर दीडशेच्या आसपास. नकाशात हा आकडा किरकोळ दिसतो, पण अंगाला तो चांगलाच कळतो. घाट उतरताच तोंडावर जी झळ येते ती माळव्याची नव्हे. माळव्यात उन्हाळ्याची रात्र तरी आपली असते. निमाडात तीही उन्हाकडे गहाण पडलेली. वैशाखात येथे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जाणे ही नवलाई समजत नाहीत. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी याच निमाडात, नर्मदाकाठी रावेरखेडीस निवर्तले, हे त्या हवेत श्वास घेताना आठवल्यावाचून राहत नाही.

महेश्वराविषयी यावेळी लिहिण्याजोगे थोडेच आहे. आम्ही घाटावर गेलो, पाय पाण्यात सोडून बसलो, आत्याबाईंनी दिलेला तांब्याचा गडू भरून घेतला आणि तोंडाला फडके बांधले. पाणी आटून पात्रातले खडक उघडे पडले होते. वाड्याच्या सावलीत पोरे सूर मारीत होती. उस्ताद आमच्याबरोबर आले नाहीत. त्यांनी गाडी सावलीतून काढून भर उन्हात उभी केली आणि स्वतः एका ओसरीवर जाऊन पडले. “इसको आज पूरा तपने दो,” ते म्हणाले. नवसाने आणलेल्या बोकडाकडे पाहावे तसे आम्ही त्या बिचाऱ्या गाडीकडे पाहिले.

दुपारी दीडला निघालो. धामनोदपर्यंत काही नाही. गणपती घाट ती दुसऱ्या गियरमध्ये, धापा टाकीत का होईना, चढली. गुजरी गेली. आमच्या मनात पाप आले ते असे, की आज नेमकी ही शहाण्यासारखी वागून घरी जाणार. मानपूरच्या चढणीवर मात्र तो ओळखीचा खोकला ऐकू आला. आयुष्यात मोटार बंद पडल्याचा आनंद आम्हास प्रथमच झाला.

थांबलो ती जागा रुंद होती. चाकांमागे दगड लावले, मागे पन्नास पावलांवर तांबडा त्रिकोण मांडला आणि उस्तादांनी बॉनेट उघडले. त्यांचा क्रम आम्ही नीट पाहून ठेवला, कारण अशा वेळी माणूस घाबरून जे हाताला येईल ते सोडू लागतो. पेट्रोलच्या नळीला हात लावण्यापूर्वी त्यांनी ठिणगी पाहिली. पेट्रोल उघडे असताना ठिणगी पाहावयाची नसते, म्हणून ती आधी. जवळचा प्लग वायरीला जोडून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि आमच्या बंधूंस स्टार्टर फिरवावयास सांगितले. ठिणगी निळी, ठसठशीत. म्हणजे कॉइल, कंडेन्सर, पॉइंट ही सारी मंडळी निर्दोष सुटली, आणि त्यांच्यापायी झालेला खर्च अक्कलखाती जमा झाला. मग टाकीचे झाकण उघडून कान लावला. झाकणाचे श्वासछिद्र बुजले तर टाकीत पोकळी होते, पेट्रोल पुढे सरकत नाही आणि झाकण काढताच फुस्स असा आवाज येतो. आवाज आला नाही. तिसरी पाहणी त्या खिडक्यांची. पंपाच्या पलीकडल्या नळीत पेट्रोलऐवजी नुसता फेस, कार्बोरेटर उपाशी. आणि पंपाच्या अलीकडे, टाकीकडून येणाऱ्या नळीतही बुडबुडे!

येथे दोन तर्क संभवतात, आणि दोहोंचे लक्षण एकच. एक वाफेचा. पेट्रोल हा अनेक द्रवांचा मेळ आहे. त्यातले हलके अंश चाळीस अंशांच्या आगेमागेच उकळू लागतात, आणि नळीतून ओढले जात असताना दाब कमी झाल्याने त्याहूनही लवकर. वाफ झाली की पंप तिलाच कुरवाळीत बसतो, पुढे काही ढकलीत नाही. नव्या गाड्यांत विजेचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोल दाबाखाली पुढे लोटतो, म्हणून त्यांना हा उपद्रव सहसा होत नाही. जुन्या गाड्यांचे चालक घाटात पंपावर ओले फडके गुंडाळीत ते याचसाठी. दुसरा तर्क हवेचा. कोठेतरी बारीक छिद्र आहे आणि पंप पेट्रोलाबरोबर बाहेरची हवा ओढतो आहे. पहिल्यावर उपाय थंडावा, दुसऱ्यावर छिद्र शोधणे.

उस्तादांनी ओल्या फडक्यासाठी पाणी मागितले. बरोबर आणलेले पाणी रेडिएटरने आणि आमच्या घशांनी संपविले होते. मागच्या बैठकीवर गडू तेवढा होता. आम्ही दोघे भाऊ एकमेकांकडे पाहू लागलो. आम्ही काही म्हणण्यापूर्वीच उस्ताद गडूवरून नजर फिरवून म्हणाले, “वो माँजी का है,” आणि रिकामा डबा उचलून त्या उन्हात खालच्या वळणावरील चहाच्या टपरीकडे चालू लागले. बंधूंनी धावत जाऊन डबा हातातून घेतला, पण माघारी फिरावयास ते तयार झाले नाहीत. दोघे मिळूनच पाणी घेऊन आले.

पंपावर पाणी शिंपडले, फडके गुंडाळले, दहा मिनिटे थांबून इंजिन फिरवले. बुडबुडे जसेच्या तसे. तरीही उस्तादांचे समाधान होईना. पंपाकडे येणारी टाकीची नळी काढून त्या जागी त्यांनी दुसरी नळी लावली आणि तिचे टोक पेट्रोलच्या छोट्या डब्यात बुडविले. हे करताना आम्हास दूर उभे केले, आणि बिडी शिलगावीत जवळ आलेल्या एका मालमोटारवाल्याला असे झापले, की तो बिडी टाकून पाय जोडून उभा राहिला. इंजिन सुरू झाले. तापलेला तोच पंप, तोच चढ, तेच ऊन. आणि नळीत एकही बुडबुडा नाही. पाच मिनिटे ती संथ लयीत चालत राहिली. “पंप को काहे बदनाम करते हो,” उस्ताद म्हणाले आणि चादर अंथरून गाडीच्या मागील भागाखाली शिरले.

टाकी आणि गाडीच्या पोटाखालून जाणारी धातूची नळी यांना जोडणारा बोटभर लांबीचा रबरी तुकडा तेथे असतो. त्याच्या क्लिपेखाली, नखाने उकलल्याखेरीज दिसू नये अशी, आडवी चीर होती. पेट्रोल तेथून ठिबकत नव्हते, कारण त्या जागी ते ढकलले जात नाही, ओढले जाते. बाहेर येण्याऐवजी हवाच आत जाते. म्हणून खाली कधी डाग पडला नाही आणि कोणास संशय आला नाही. जुन्या रबराला वयाने कडकपणा येतोच. त्यात अलीकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. २०२५ पर्यंत हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले, आणि त्या मिश्रणाचा विचार करून न घडविलेले जुने रबर त्याने लवकर खराब होते.

मग इंदुरात ती कधीच का बोलली नाही? उस्तादांनी गाडीखालूनच खुलासा केला, तो येथे आमच्या शब्दांत देतो. पंप पुढे, टाकी मागे. गाडी चढाला लागली की नाक वर आणि टाकी खाली. पेट्रोल अधिक उंच ओढावे लागते. टाकी भरलेली असेल तर ही उंची कमी, अर्ध्याखाली असेल तर जास्त. ओढ जितकी जोराची तितकी चिरेतून हवा अधिक. आणि रबर निमाडातल्या सडकेवर तापून मऊ झाले की चिरेचे ओठ उघडतात. थंड झाले की मिटतात. चढ, ऊन आणि अर्धी टाकी या तिन्ही गोष्टी एकत्र याव्यात अशी जागा आमच्या गाडीच्या दिनक्रमात एकच होती, ती म्हणजे महेश्वराहून परतताना मानपूरच्या अलीकडची ही चढण. रिंग रोडवर आम्ही तिला वर्षभर फिरविले असते तरी ती गप्पच राहिली असती. त्या चौथ्या प्रश्नाचे मर्म आम्हास आता कळले.

दुरुस्ती पंधरा मिनिटांची. तुकड्याचे चिरलेले टोक कापून टाकले, उरलेला भाग पुढे ओढून क्लिप आवळली. पारदर्शक नळीत पेट्रोल काचेसारखे स्वच्छ उभे राहिले. उस्तादांनी लगेच निघू दिले नाही; गाडी पुन्हा वळवून आम्ही घाटाच्या पायथ्याशी गेलो आणि ती सारी चढण दुसऱ्यांदा चढलो. मानपूर आले तेव्हा साडेपाच वाजले होते. वरची हवा लागली. उस्तादांनी प्रथमच खिडकीबाहेर मान काढली आणि माळव्याच्या पठाराकडे पाहत म्हणाले, की इकडे पंधरा वर्षांनी आलो.

इंदुरास आल्यावर पुढील आठवड्यात टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सारे रबर बदलले. इथेनॉलला टिकणारी नळी मागवून घेतली. जुन्या पंपाचा पडदा तपासून तोच पंप पुन्हा बसविला. मजुरीचे पैसे विचारता उस्तादांनी दिवसभराच्या रोजाखेरीज काही घेतले नाही. गडू आत्याबाईंच्या हाती दिला तेव्हा फडक्याची गाठ उकलण्यापूर्वी त्यांनी सारी हकीकत दोनदा ऐकली. विशेषतः टपरीवरून पाणी आणल्याची. मग म्हणाल्या, “अरे, द्यायचं होतं की रे ते पाणी. त्या काय नाही म्हणणार होत्या?”

१६ जूनला दशहरा होता. उस्तादांच्या सूचनेवरून टाकी मुद्दाम अर्धीच भरली आणि परतीची वेळही दुपारचीच धरली. ज्या परीक्षेत ती नापास झाली तीच तिने द्यावयाची. आत्याबाई पुढच्या बैठकीवर, मांडीवर ओटीचे तबक. घाटाला लागलो तसे आम्ही दोघे भाऊ बोलेनासे झालो. ती चढण आली आणि गेली. टपरी दिसताच आत्याबाईंनी गाडी थांबविण्यास सांगितले. आमचा जीव खालीवर झाला, कारण चढावर थांबून पुन्हा निघणे ही आणखी एक परीक्षा. पण त्यांचा निश्चय ठरलेला होता. त्या खाली उतरल्या, बाकावर बसल्या, टपरीवाल्याच्या हातावर प्रसादाचा नारळ ठेवला आणि चार चहा मागविले. आम्ही तिघेच आहोत हे लक्षात आणून देताच म्हणाल्या, “चौथा थर्मासात भर. मिस्त्रीबुवांना नेऊन दे, आणि गाडी कशी चढली तेही त्यांना तूच सांग.”